विजेची मोटार आणि पायाची सवय

बिदरहून आमच्या एका जुन्या वर्गणीदारांचे पत्र आले आहे. पत्र लांबलचक असून त्यातील निम्मा मजकूर चिरंजीवांविषयीच्या तक्रारीचा आहे. तो येथे देत नाही. उरलेल्या मजकुराचा आशय असा, की चिरंजीवांनी विजेवर चालणारी मोटार घेतली. घेताना विक्रेत्याने सांगितले, एकदा पूर्ण चार्ज केल्यावर चारशेच्या वर किलोमीटर जाईल. प्रत्यक्षात हैदराबादला जाऊन आले की परत येईतो गाडी धापा टाकू लागते. शेजाऱ्यांकडे तीच गाडी, तेच मॉडेल. ते मात्र सव्वातीनशे किलोमीटर सहज मिळतात म्हणून सांगतात. "तेव्हा कंपनी खोटे बोलते, शेजारी खोटे बोलतो, की आमचे चिरंजीव?" असा सवाल करून पत्रलेखकांनी निवाडा आमच्यावर सोपविला आहे.

निवाडा देण्याचा अधिकार आम्हांस नाही. परंतु या विषयात आम्हांस थोडे ठाऊक आहे, आणि जे ठाऊक आहे ते पुस्तकातून कमी व दुबलगुंडीहून सोलापुरास गेलेल्या एका रात्रीच्या प्रवासातून अधिक. त्या रात्रीविषयी लिहावे की न लिहावे, याचा विचार गेले काही महिने करीत होतो. या पत्राने निमित्त दिले.

प्रथम कंपनीचा प्रश्न. मोटारीचा पल्ला म्हणून जो आकडा जाहिरातीत छापून येतो तो रस्त्यावरचा नसतो. पुण्यात वेताळ टेकडीच्या अंगाला ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया ही १९६६ साली स्थापन झालेली संस्था आहे. लोक तिला 'एआरएआय' या आद्याक्षरांनी ओळखतात. अशा प्रयोगशाळेत मोटार रुळांवर, म्हणजे फिरत्या लाटांवर उभी करतात व ठरवून दिलेल्या वेळापत्रकाप्रमाणे चालवितात. इतके सेकंद थांबायचे, इतक्या सेकंदांत अमुक वेग गाठायचा, पुन्हा थांबायचे. या वेळापत्रकाच्या शहरी भागातील सरासरी वेग ताशी वीस किलोमीटरांच्याही आत असतो, आणि पुढच्या भागात वेग फार तर ताशी नव्वदपर्यंत जातो. एसी बंद, समोरून वारा नाही, चढ नाही, मागच्या आसनावर गप्पा मारणारी मंडळी नाहीत. अशा अवस्थेत मिळालेला आकडा खोटा नव्हे. पण तो आपल्या संसाराचाही नव्हे. टाटांची नेक्सॉन ही विजेची मोटार २०२० च्या जानेवारीत बाजारात आली तेव्हा तिच्या ३०.२ युनिटांच्या बॅटरीला ३१२ किलोमीटरांचा दाखला होता. महामार्गावर ती दोनशेच्या आसपास जाई. २०२४ साली त्याच कंपनीची कर्व्ह आली. पहिल्या दाखल्याप्रमाणे तिचा पल्ला ५८५ किलोमीटर, चाचणीचे दोन्ही भाग धरून ५०२, आणि बहुसंख्य ग्राहकांना प्रत्यक्षात मिळेल म्हणून खुद्द कंपनीने सांगितलेला ४०० ते ४२५. एकाच गाडीचे हे तीन आकडे, आणि तिन्ही आपापल्या जागी खरे. तेव्हा कंपनीस मोकळे सोडू या.

शेजारीही खोटे बोलत नसावेत. राहिले चिरंजीव. त्यांचाही दोष नाही असे आम्ही म्हणणार होतो. पण त्यांच्या उजव्या पायाचा आहे. तो पाय पेट्रोलच्या मोटारीवर वाढलेला आहे.

आपल्या पिढीने मोटारीविषयी जे शहाणपण मिळविले त्यातले पहिले सूत्र असे, की गावात गाडी तेल खाते आणि हमरस्त्याला लागली की सुधारते. पेट्रोलच्या एंजिनाला ते लागूही पडते. सिग्नलपाशी उभी असतानाही ते जळत असते, थोडक्या कामाला जुंपले तर फार उधळपट्टी करते, आणि ब्रेक लावला की कमावलेला वेग उष्णता होऊन हवेत जातो. विजेच्या मोटारीचे नेमके उलटे आहे. ती उभी असताना जवळजवळ काही खात नाही. सावकाश चालण्यात तिला कमीपणा नाही. शिवाय पाय उचलला की तिची मोटर तेवढ्यापुरती डायनामो बनते आणि गतीतली काही वीज बॅटरीत परत भरते. म्हणजे ज्या भाजीबाजाराच्या गर्दीत जुनी गाडी रडकुंडीस येई तेथे ही सुखात असते, आणि ज्या मोकळ्या महामार्गावर जुनी गाडी 'अॅव्हरेज' देई तेथे हिची शक्ती झरझर ओसरते. सवय जुनी आणि वाहन नवे, त्यामुळे हिशेब फसतो.

महामार्गावर ओसरते ती वाऱ्यामुळे. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. वेग दुप्पट केला तर विरोध चौपट. दीड टन वजनाची, चार माणसे बसलेली मध्यम मोटार घेऊन आम्ही कागदावर मांडणी केली. बेताचा एसी धरून शंभर किलोमीटर जाण्यास ताशी ६० च्या वेगाने सुमारे ११ युनिट वीज लागेल. ८० च्या वेगाने १४. शंभरच्या वेगाने १८. आणि १२० च्या वेगाने २३. गाडीगाडीप्रमाणे आकडे थोडे मागेपुढे होतील, त्यांचा चढ मात्र असाच राहील. चाळीस युनिटांची बॅटरी असेल तर साठच्या वेगाने साडेतीनशेच्या वर आणि एकशेवीसच्या वेगाने पावणेदोनशेच्या आत. पत्रलेखकांचे शेजारी आणि चिरंजीव यांच्यातील सगळे अंतर या एका ओळीत बसते.

आमची या विषयाशी पहिली ओळख बंगळुरात झाली. २००१ साली त्या शहरात 'रेवा' नावाची चिमुकली विजेची मोटार निघाली. आमचे एक स्नेही बँकेत अधिकारी होते, त्यांनी ती घेतली. पोटात शिशाच्या जड बॅटऱ्या, आणि सर्व काही जमून आले तर ऐंशी किलोमीटरांचा पल्ला. या गृहस्थांना प्रत्येक गोष्टीची टिपणवही ठेवण्याची खोड होती. दुधाची वही, धोब्याची वही, तशी रेवाचीही. तीत रोजचे अंतर, उरलेली शक्ती आणि शेवटी एक रकाना 'स्वभाव' या मथळ्याचा. 'आज उशीर झाला, घाई केली' असे ज्या दिवशी लिहिलेले असे त्या दिवशी पल्ला पंचावन्न-साठाला येऊन टेकलेला असे. शिशाच्या बॅटरीचा एक गुण असा, की तिच्यातून प्रवाह जोराने ओढला तर ती एकंदरीतच कमी देते. पॉयकर्ट नावाच्या जर्मन संशोधकाने १८९७ सालीच त्याचा नियम मांडून ठेवला होता. दुभत्या जनावरासारखेच म्हणा ना. हिसडून पिळले तर आखडते. आजच्या लिथियमच्या बॅटऱ्या इतक्या मानी नाहीत. पण प्रवाह दुप्पट झाला की तारांतून आणि बॅटरीतून वाया जाणारी उष्णता चौपट होते, हा नियम त्यांनाही चुकलेला नाही.

ती वही आम्ही त्या वेळी थट्टेवारी नेली होती. तिचा उपयोग पुढे वीस-बावीस वर्षांनी होईल असे वाटले नव्हते.

दुबलगुंडी हे हुमनाबाद तालुक्यातील आमचे मूळ गाव. १९५६ च्या १ नोव्हेंबरला राज्यांची फेररचना झाली, हैदराबाद संस्थानाचा जुना बिदर जिल्हा वाटला गेला, आणि उदगीर, निलंगा तिकडे तर हुमनाबाद, भालकी इकडे आले. कागदावरची रेघ बदलली. माणसांचे जाणे-येणे बदलले नाही. आमच्या घरच्या मुली आजही सोलापूर, उमरगा, लातूर या बाजूस दिल्या जातात, सुना तिकडून येतात, आणि दुखणे मोठे झाले की पाय आपोआप सोलापूरच्या वाटेला लागतात. हुमनाबादेहून पुणे-हैदराबाद महामार्गाने उमरगा, नळदुर्ग करीत सोलापूर दीडशे किलोमीटरांच्या घरात आहे.

गेल्या वैशाखात आमचे पुतणे सहकुटुंब हैदराबादेहून गावी आले. आंब्यांचे दिवस, आणि मातोश्रींना, म्हणजे आमच्या थोरल्या वहिनींना भेटायचे. गाडी विजेची, चाळीस युनिटांच्या बॅटरीची. ती पोचली तेव्हा पस्तीस टक्के शक्ती उरली होती. सायंकाळी पडवीतल्या पंधरा अँपिअरच्या प्लगला ती जोडली. या प्लगातून ताशी तीनएक युनिट भरतात. सकाळपर्यंत पोट भरले असते. परंतु रात्री अकराच्या सुमारास वळवाने गाठले. आंब्याची एक फांदी पडली, कुठे तरी विजेचे खांब आडवे झाले, आणि सारे गाव अंधारात गेले. गाडीच्या तबकडीवर त्र्याहत्तर टक्के होते. कोणास त्याची फिकीर नव्हती. सकाळी पाहू, असे म्हणून मंडळी निजली.

रात्री सव्वाला सोलापुराहून फोन आला. वहिनींचे धाकटे बंधू आठ दिवस इस्पितळात होते. डॉक्टरांनी सांगितले होते की आता जवळच्यांनी यावे. वहिनींची आई लवकर गेली तेव्हा हा भाऊ तीन वर्षांचा होता. त्याला वहिनींनीच कडेवर वाढविले. लग्न होऊन त्या दुबलगुंडीस आल्या तेव्हा पाठराखण म्हणून तो बरोबर आला आणि दोन वर्षे येथेच शाळेत गेला. वयाच्या एकोणऐंशीव्या वर्षी त्या अंधारात लुगडे नेसून, हातात तीर्थाची बाटली घेऊन, कोणी 'चला' म्हणण्यापूर्वी दारात उभ्या होत्या.

दीडच्या सुमारास निघालो. पुतणे चक्राशी, शेजारी आम्ही, मागे वहिनी आणि सूनबाई. हुमनाबादेपर्यंतचा लहान रस्ता कसाबसा सरला आणि मोठा रस्ता लागताच गाडीने वेग घेतला. शंभर, कधी एकशेदहा. विजेच्या मोटारीस आवाज नसतो, त्यामुळे वेग जाणवतही नाही. एखाद्या जुन्या मोटारीने एवढ्या धावेला केव्हाच कुरकुर केली असती. आम्ही गप्प होतो. आज खरे लिहायचे तर नुसते गप्प नव्हतो. मनातून 'आणखी, आणखी' असेच म्हणत होतो.

उमरग्यास पोचलो तेव्हा अडीचला पाच मिनिटे कमी होती आणि तबकडीवर एकोणचाळीस टक्के होते. गाडी सांगत होती, अठ्ठ्याहत्तर किलोमीटर जाता येईल. सोलापूर पंचाण्णव होते.

महामार्गालगत एक चार्जिंग केंद्र होते. कोणाचे ते लिहिण्याचे कारण नाही. यंत्राचा दिवा लुकलुकत होता, फोनवरून पैसे घेतले गेले, आणि वीज सुरू होईना. दुसरे यंत्र बंद होते. रखवालदाराने उठून दोनदा कळ दाबून पाहिली. फोनवरच्या माणसाने आमच्याकडून तीच कृती चार वेळा करवून घेतली. या खटाटोपात चाळीस मिनिटे गेली. वहिनी गाडीतून उतरल्या नाहीत. काच खाली करून त्यांनी एवढेच विचारले, "बाळ, अजून किती वेळ?"

तेव्हा आम्हांस बंगळुरातली ती वही आठवली. पुतण्यांना म्हटले, यंत्राचा नाद सोडा आणि साठाने चला. ते संतापले. "काका, मामा तिकडे... आणि तुम्ही साठाने म्हणता?" त्यांचे चुकले नव्हते, मरणाच्या वाटेवर सावकाश चला म्हणणारा माणूस कोणास आवडेल? पण हिशेब सोपा होता. एकोणचाळीस टक्के म्हणजे साडेपंधरा युनिट. शंभराच्या वेगाने पंचाण्णव किलोमीटरांस सतरा-अठरा लागणार, म्हणजे सोलापूरच्या अलीकडे कोठे तरी माळावर उभे राहायचे. साठाच्या वेगाने साडेदहात काम होणार. पुतण्यांनी एसी बंद केला, काचा बोटभर उघडल्या आणि मालमोटारींच्या रांगेत डावीकडून गाडी चालविली. मग एक चमत्कारिक गोष्ट दिसू लागली. बॅटरीचे टक्के उतरत होते आणि तबकडीवरचा पल्ल्याचा आकडा चढत होता. नळदुर्गापाशी सव्वीस टक्के उरले होते. सोलापूर पन्नासच्या आत आले होते आणि गाडी ऐंशी किलोमीटरांचे अभय देत होती. गाडी भविष्य वर्तवीत नाही. गेल्या काही मैलांत आपण जसे वागलो तसेच पुढे वागू असे गृहीत धरून ती बेरीज करते. उमरग्यास तिने आम्हांस आमच्याच घाईचा हिशेब दाखविला होता.

इस्पितळाच्या दारात पोचलो तेव्हा पहाटेचे पावणेपाच झाले होते. बारा टक्के शिल्लक होते.

बंधू होते, पण शुद्धीवर नव्हते. परिचारिकेने सांगितले की चारपर्यंत जागे होते. "ताई निघाली का?" असे दोनदा विचारले, आणि निघाली असे सांगितल्यावर बरे वाटल्यासारखे दिसले. दुपारी बाराच्या आत सर्व संपले. वहिनी तोवर त्यांचा हात धरून बसल्या होत्या.

पुढच्या दिवसांत, माणसे येत-जात असताना, पुतण्यांनी एका पाकिटाच्या पाठीवर काही आकडे लिहून आमच्यापुढे ठेवले. दुबलगुंडीहून निघाल्यापासून ताशी ऐंशीच्या वर गेलो नसतो तर एकशेसाठ किलोमीटरांस तेवीस युनिट लागली असती. गाडीत एकोणतीस होती. कोठेही न थांबता, सोळा टक्के हाताशी ठेवून, पावणेचारला सोलापूर.

आम्ही ते पाकीट फाडून टाकले. तसे करावयास नको होते. हिशेब बरोबर होता.

आता पत्रलेखकांच्या चिरंजीवांसाठी दोन-चार गोष्टी. त्या आम्ही पुढे शिकलो, आणि त्यांतल्या काही प्रचलित समजुतीच्या उलट आहेत.

जो तो सांगतो की विजेची मोटार एकदम पळवू नये, अॅक्सिलरेटर हळू दाबावा. हे अर्धेच खरे आहे. पावणेदोन टन वजन ताशी ऐंशीच्या वेगापर्यंत न्यावयास ०.१२ युनिट वीज लागते, मग ती आठ सेकंदांत न्या की वीस सेकंदांत. वेगाने ओढल्यास उष्णता थोडी जास्त वाया जाते, एवढेच. खरी नासाडी होते ती मिळविलेला वेग लगेच ब्रेक लावून घालविण्यात. ०.१२ युनिट म्हणजे जवळजवळ एक किलोमीटरचा प्रवास. बैलगाडीच्या मागे जाऊन आदळायचे, ब्रेक, पुन्हा जोर, पुढे ट्रॅक्टर, पुन्हा ब्रेक, असे तासाभरात वीस-पंचवीस वेळा केले तर हिशेब आपला आपण करावा. मोटर डायनामो होऊन काही परत देते हे खरे, पण दिलेल्या रुपयातले साठ-सत्तर पैसेच हाती येतात. व्यापाऱ्याला विचारा, दर फेरीस तीस पैसे तोटा खाऊन किती दिवस दुकान चालेल. म्हणून पुढे अडथळा दिसताच दुरूनच पाय उचलावा आणि गाडी आपल्या वेगाने वाहू द्यावी; वीज परत मिळविण्यापेक्षा ती खर्चच न करणे केव्हाही स्वस्त. बॅटरी काठोकाठ भरलेली असेल तर गाडी परतीची वीज नीट घेऊही शकत नाही. भरलेल्या रांजणात आणखी पाणी कोठे ओतणार?

एसीचा बाऊ मात्र फार होतो. वैशाखातल्या दुपारी उन्हात तापलेली गाडी थंड करताना तो बरीच वीज घेतो हे खरे. पण एकदा आतली हवा निवली की तासाला एखादे युनिट. ताशी शंभराचा हट्ट धरून उकाड्यात बसणाऱ्यांनी वेग ऐंशीवर आणावा आणि एसी खुशाल चालू ठेवावा. तरी फायद्यात राहतील. आणि शंभराच्या वेगात काचा पूर्ण उघडून एसीची वीज वाचविणारे लोक आम्ही पाहिले आहेत, त्यांच्याविषयी काही लिहीत नाही. गाडी घरी प्लगला जोडलेली असतानाच निघण्याआधी दहा मिनिटे थंड करून घेणे उत्तम, कारण ती वीज भिंतीतून येते.

बिदरच्या पठारावर राहणाऱ्यांस आणखी दोन गोष्टी ध्यानी ठेवाव्या लागतात. सोलापूर आणि गुलबर्गा (आता कलबुर्गी) समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटरांच्या आसपास, तर हुमनाबाद सहाशेच्या वर. म्हणजे तेथून घरी येताना दीडशे मीटरांहून अधिक चढायचे असते आणि त्यात पाऊण युनिट जास्तीची जाते. हे फार नव्हे. जाताना त्यातले बरेच परत मिळते. वाऱ्याचे तसे नाही. आषाढ-श्रावणात पश्चिमेचा वारा या माळांवरून कसा वाहतो ते आपण जाणताच. समोरून ताशी वीसचा वारा असेल तर आपण ऐंशीने जात असलो तरी गाडीला शंभराचा वारा झोंबतो आणि चौदा युनिटांची अठरा होतात. त्या महिन्यांत सोलापूरच्या बाजूस जाताना पल्ला कमी धरावा, हैदराबादेच्या बाजूस जाताना वारा पाठीशी असतो. चाकांतली हवा पंधरा दिवसांनी तपासावी आणि छपरावर सामान बांधू नये. ही दोन्ही पथ्ये जुन्या मोटारीचीच आहेत.

मागे १९७३ च्या तेलटंचाईनंतर पेट्रोलियम कॉन्झर्वेशन रिसर्च असोसिएशनने वाहनचालकांना ताशी ४५ ते ५५ च्या वेगात चालण्याचा उपदेश करणारी पत्रके घरोघर पोचविली होती. आपल्यापैकी अनेकांना ती आठवत असतील. त्या काळी ती चेष्टेचा विषय झाली. आपल्याकडे वेग कमी करण्याचा उपदेश आणि उपासाचा उपदेश ऐकून घेण्याची एक ठरलेली मुद्रा आहे. पण ज्यांचे पोट त्यावर होते त्यांनी ही गोष्ट कधी हसण्यावारी नेली नाही. महाराष्ट्राच्या एस.टी.त चालकाची पारख दहा लिटर डिझेलमागे त्याने किती किलोमीटर काढले यावरून होत आली. एकच बस, एकच मार्ग, आणि दोन चालकांच्या आकड्यांत फरक पडे. १९४८ च्या १ जूनला एस.टी.ची पहिली बस ज्या मार्गावर धावली त्याच पुणे-अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) मार्गावर २०२२ च्या १ जूनला 'शिवाई' ही विजेवरची बस धावू लागली. जुन्या डिझेलवाल्या चालकांनी नवी बस कशी आपलीशी केली, हे त्यांच्यापैकीच कोणी लिहिल्यास आम्ही आनंदाने छापू. दूरवरचे पाहून आधीच पाय उचलणारा चालक कोणता, हे प्रवाशालाही कळते. त्याच्या गाडीत उभ्याने प्रवास करणाऱ्यांस दांडा घट्ट धरावा लागत नाही.

बॅटरीच्या आयुष्याचा प्रश्नही पत्रात आहे. नित्याच्या वापरात बहुतेक बॅटऱ्या वीस ते ऐंशी टक्क्यांच्या दरम्यान ठेवाव्या आणि लांबच्या प्रवासाच्या आदल्या रात्रीच पूर्ण भराव्या. बाकी गाडीच्या पुस्तिकेत लिहिले असेल ते प्रमाण मानावे, कारण बॅटरीच्या जातीप्रमाणे नियम बदलतात. आमचे स्वतःचे मत विचाराल तर खेड्यात आजारी किंवा वृद्ध माणूस असेल त्या घरी वीस टक्क्यांवर गाडी ठेवून निजू नये. वीज असेल तोवर भरून घ्यावी. त्यात बॅटरीचे थोडे आयुष्य गेले तर जाऊ द्यावे.

चौदाव्या दिवशी आम्ही सोलापुराहून परत निघालो. वहिनींनी या वेळी पुढचे आसन मागून घेतले. पुतणे सारा वेळ पंचाहत्तर-ऐंशीने चालवीत होते. वारा समोर नव्हता, तरी चढ होता. वहिनींना तबकडीवरचे कन्नड-मराठी काही नाही, सगळे आकडेच, त्यामुळे वाचता येत होते. नळदुर्ग गेल्यावर त्यांनी तो टक्क्यांचा आकडा काय सांगतो ते विचारले, मग पल्ल्याचा विचारला. पुतण्यांनी समजावून सांगितले. थोड्या वेळाने त्या म्हणाल्या, "त्या रात्री असेच चाललो असतो तर?" पुतणे समोर पाहत राहिले. पाकीट फाडले तरी आकडे त्यांना पाठ होते. "पावणेचारला पोचलो असतो, आई," ते म्हणाले. वहिनींनी मान हलविली आणि उमरगा येईतो त्यांचा हात चक्रावरच्या मुलाच्या मनगटावर होता. दुबलगुंडीस पोचलो तेव्हा शंभर किलोमीटरांस चौदा युनिटांहून किंचित कमी असा हिशेब निघाला. वहिनींनी तो कॅलेंडरवर त्या दिवसाच्या चौकटीत लिहून ठेवला आहे.

पत्रलेखकांस आमची सूचना अशी. चिरंजीवांशी वाद घालू नये. एक शंभर पानी वही आणून गाडीत ठेवावी आणि महिनाभर प्रत्येक फेरीचे अंतर, निघतानाचे टक्के, पोचतानाचे टक्के, आणि साधारण वेग एवढे चार रकाने भरावेत. 'स्वभाव' हा पाचवा रकाना ऐच्छिक ठेवावा. ही वही शेजाऱ्यांनाही ठेवावयास सांगावे. दोन्ही वह्यांचे आकडे महिन्याने आमच्याकडे पाठवावेत. जागा झाल्यास ते या सदरात शेजारीशेजारी छापू.